क्रेडिट कार्डाची वार्षिक फी वाचवली, मग पैसे गेले कुठे?

रेवा_इंदूर
सोमवार, रात्री ९.४०

मी इंदूरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. रिटर्नचे दिवस आले की लोक कागदांची पिशवी आणून टेबलावर ठेवतात आणि तिच्यात क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं हमखास निघतात. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशी आपलीच माणसं. कार्ड घेताना जवळपास प्रत्येकाने एकच प्रश्न विचारलेला असतो, "फ्री आहे नं?" म्हणजे वार्षिक फी नाही नं. पाचशे रुपयांची फी नको म्हणून महिनाभर कार्डवाल्या मुलाशी घासाघीस केलेली माणसं मला माहीत आहेत. आणि त्यांच्याच स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या पानावर "फायनान्स चार्जेस" म्हणून, म्हणजे व्याजापायी, दीड हजार गेलेले असतात, ती ओळ कोणी वाचलेलीच नसते.

एक हिशोब पूर्ण मांडते, कारण हा समजला की बाकीचं आपोआप समजतं.

आमच्याकडे येणाऱ्या एका काकांनी ५ ऑक्टोबरला वॉशिंग मशीन घेतलं, ३०,४१२ रुपयांचं. बिल निघालं २० ऑक्टोबरला, भरायची शेवटची तारीख ९ नोव्हेंबर. काकांनी ९ तारखेला बरोब्बर ३०,००० भरले. वरचे चारशे बारा पुढच्या महिन्यात देऊ, एवढंच मनात. मिनिमम, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम असते, तिच्या कितीतरी पट जास्त भरलं, तारीखही चुकवली नाही, त्यामुळे लेट फी लागली नाही. पण पुढच्या बिलात व्याज आलं १,३१८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २३७. बाकी राहिलेल्या ४१२ रुपयांपायी १,५५५ रुपये.

काकांना वाटलं व्याज ४१२ वर लागेल. तसं होत नाही. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात ते *पूर्ण* बिल भरलं तरच. थोडंही राहिलं की ती सवलत गेली, आणि बहुतेक बँका अख्ख्या ३०,४१२ वर खरेदीच्या तारखेपासून, म्हणजे ५ ऑक्टोबरपासून, भरणा होईपर्यंतचं व्याज लावतात. ३५ दिवस, महिना पावणेचार टक्के, वर्षाचे ४५. शिवाय राहिलेल्या चारशे बारावर पुढच्या बिलाच्या तारखेपर्यंतचं वेगळं.

आणखी एक. बाकी डोक्यावर असेपर्यंत नवीन खरेदीलाही सवलतीचे दिवस मिळत नाहीत. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कार्डाने दोनशेचं खाल्लं तर त्यावरही त्याच दिवसापासून मीटर चालू.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की वार्षिक फी कळीचा मुद्दा नाहीच. ती वर्षातून एकदा लागते, समोर दिसते, भांडून माफही होते. खरा पैसा बाकीवर जातो. तुमचे अनुभव, प्रश्न लिहा. ज्यांच्याकडे स्टेटमेंट आहे त्यांनी एकदा ती "फायनान्स चार्जेस"ची ओळ बघून या.


सुदामानगर_३४
सोमवार, रात्री १०.१५

ताई, हिशोब मांडलात हे फार चांगलं केलंत. पण मी सरळ सांगतो, हे कार्डच नको. आमच्या वडिलांनी एमटी क्लॉथ मार्केटमध्ये आयुष्यभर मुनीमकी केली, उधारीची वही दुसऱ्यांची सांभाळली, स्वतःच्या नावाने तिच्यात कधी ओळ लिहू दिली नाही. खिशात आहे तेवढं खर्चावं. बँक पन्नास दिवस पैसे फुकट वापरायला देते ते कुणीतरी चुकणार हे गृहीत धरूनच नं?


रेवा_इंदूर
सोमवार, रात्री १०.३२

काका, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहेच, आणि ज्याचा हात सैल आहे त्याने कार्ड घेऊच नये हे मलाही पटतं. पण आज विजयनगरला भाड्याने राहणाऱ्या पोराला उद्या घरासाठी कर्ज हवं असेल तर त्याचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी वेळेवर फेडतो की नाही ते सांगणारा आकडा, कशावरून तरी बनायला हवा. वेळेवर पूर्ण भरलेलं कार्ड त्याला उपयोगी पडतं. कार्ड ठेवणाऱ्याने नियम जाणून ठेवावेत, एवढ्यासाठी हा धागा.


निवृत्त_बँकर
सोमवार, रात्री ११.०५

रेवाताईंनी मुद्द्यालाच हात घातला आहे. मी बँकेत होतो, कार्डाच्या तक्रारी हाताळल्या आहेत, म्हणून थोडी भर घालतो.

"मिनिमम अमाउंट ड्यू" हा स्टेटमेंटवरचा सर्वांत घातक आकडा. तो ठळक छापलेला असतो, माणसाला वाटतं एवढं भरलं की आपण सुटलो. मिनिमम भरल्याने लेट फी लागत नाही आणि स्कोअरवर थकबाकीची नोंद होत नाही, हे खरं. पण व्याज थांबत नाही. समजा कार्डावर ५०,००० बाकी आहे. पावणेचार टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,८७५, त्यावर जीएसटी साधारण ३३८, मिळून २,२१३. मिनिमम पाच टक्के धरलं तर तुम्ही भरले २,५००. मुद्दलातून गेले जेमतेम २८७ रुपये. पुढच्या महिन्यात परत तेच. हा माणूस वर्षभर अगदी इमानदारीने हप्ते भरतो आणि वर्षाच्या शेवटी बाकी जवळपास तिथल्या तिथे.

घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. त्यामुळे ४५ टक्के हे प्रत्यक्षात ५३ टक्क्यांच्या घरात जातं.

लोक विचारतात, यावर काही मर्यादा नाही का? २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे टक्केवारीची ती मर्यादा आता नाही. व्याजाचा दर कार्ड घेतानाच्या कागदात लिहिलेला असतो आणि आपण त्यावर सही केलेली असते.

ज्यांच्यावर आधीच बाकी चढली आहे त्यांनी मिनिमम भरत बसू नये. बँकेला सांगून बाकी हप्त्यांत बदलून घ्या, किंवा पर्सनल लोन, मुदत ठेवीवरचं कर्ज, सोन्यावरचं कर्ज, जे स्वस्त मिळेल ते काढून कार्ड एकदाचं शून्य करा. यातलं जवळपास प्रत्येक कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.


पोहे_जिरावन
मंगळवार, सकाळी ८.२०

रेवाताई, बँकर काका, दोघांनाही धन्यवाद. मी सुपर कॉरिडॉरला नोकरीला आहे, पहिलंच कार्ड. माझे दोन प्रश्न:

बिल आपोआप कटावं म्हणून ऑटोपे लावलंय, मग निर्धास्त राहू नं?

आणि भिया लोक, म्हणजे इथले मित्र, सांगतात की तारीख उलटून गेली तरी तीन दिवस चालतात. खरंय का?


निवृत्त_बँकर
मंगळवार, सकाळी ९.१०

ऑटोपे लावलंस हे उत्तम. पण आत्ता ऍप उघडून बघ, "टोटल अमाउंट ड्यू" निवडलंय की "मिनिमम". फॉर्मवर दोन चौकोन असतात आणि घाईत मिनिममवर खूण होते. अशी कितीतरी खाती मी पाहिली आहेत, जिथे ग्राहकाला वाटतंय सगळं वेळेवर कटतंय, आणि व्याज चढतच चाललंय. शिवाय ज्या खात्यातून कटणार त्यात आदल्या दिवशी पैसे हवेत. ऑटोपे परत गेलं तर कार्डाची बँक त्याचा वेगळा दंड लावते, खात्याची बँक तिचा लावते, आणि लेट फीही बसू शकते.

तीन दिवसांचं अर्धं खरं. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबद्दलचे निर्देश २०२२ साली आले, १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात म्हटलंय की शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लेट फी लावायची आणि क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, थकबाकी कळवायची. ही सूट फीपुरती आहे. व्याजाचं गणित रेवाताईंनी मांडलंय तसंच चालतं. नेट गेलं, यूपीआय अडकलं, तर लेट फीपासून हे तीन दिवस वाचवतील, सवय म्हणून वापरू नकोस.

त्याच निर्देशांतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. लेट फी तारखेनंतर *राहिलेल्या* रकमेवर ठरवायची, पूर्ण बिलावर नाही. लेट फीचे टप्पे असतात, बाकी पन्नास हजारांच्या वर असेल तर काही बँकांत तेराशेपर्यंत जाते. एक्कावन्न हजारांच्या बिलात मिनिममहून कमी, दोनच हजार भरले असतील तर फी एकोणपन्नास हजारांच्या टप्प्याची हवी. एक्कावन्नची लावलेली दिसली तर ताबडतोब लिहून तक्रार कर, परत मिळते.


मालवा_गृहिणी
मंगळवार, दुपारी १.४५

माझ्या भाच्याचं सांगते, कारण दवाखान्याच्या धावपळीत कुणालाही हे घडू शकतं. रात्री दवाखान्यात आगाऊ पैसे भरायला सांगितले, तो खाली एटीएमवर गेला आणि क्रेडिट कार्डाने २०,००० काढले. पंचवीस दिवसांनी परतही भरले. पाचशे रुपये फी, तिच्यावर ९० जीएसटी, व्याज ६१६, त्यावर १११. मिळून तेराशेच्या वर गेले. तो म्हणे मी तर तारखेच्या आत भरले! तर कळलं की रोख काढली की सवलतीचे दिवसच नसतात, नोट हातात आल्या क्षणापासून व्याज. दवाखान्याच्या काउंटरवर कार्ड चाललं असतं. तिथेच सरळ वापरलं असतं तर एक पैसा जास्त गेला नसता. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालायचंच नाही.

आता माझा प्रश्न. मुलगा जर्मनीला शिकतो, दिवाळीनंतर मी जाणार आहे. तिथे आपलं कार्ड वापरलं तर किती जातं?


रेवा_इंदूर
मंगळवार, दुपारी ३.३०

ताई, बहुतेक साध्या कार्डांवर परदेशी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, साडेतीन टक्के असतो, त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. दहा हजारांच्या खरेदीला ४१३ रुपये. मार्कअप कमी असलेली किंवा अजिबात नसलेली कार्डंही मिळतात. महिना-दोन महिने राहणार असाल तर जाण्याआधी चौकशी करा.

तिथल्या दुकानात मशीनवर विचारतील, युरोत भरता की रुपयांत? रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, पण युरोच निवडा. रुपयांत बदलून देण्याचा दर त्या मशीनवाल्याचा असतो आणि तो महाग पडतो. शिवाय काही बँका परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावर वेगळा एक टक्का लावतात. इंदूरला घरी बसून परदेशी वेबसाइटवर रुपयांत पैसे भरले तरी हा एक टक्का लागू शकतो. लोकांना तो महिनोन्महिने दिसतच नाही, कारण तो तीस-चाळीस रुपयांचा असतो.


सियागंज_दुकानदार
मंगळवार, रात्री ९.५५

दुकानदाराची बाजू कोणीतरी मांडायला हवी. गिऱ्हाईक म्हणतं, कार्ड दिलं की तुम्ही दोन टक्के वरून मागता. जेलरोडला मोबाइल घ्यायला जा, हे ऐकायला मिळतंच. अहो, क्रेडिट कार्ड स्वाइप झालं की दीड-दोन टक्के आमच्याकडून कापले जातात. मोबाइलमध्ये मार्जिनच तेवढं असतं. तरी मी मान्य करतो, बँकेशी केलेल्या करारात ही रक्कम गिऱ्हाइकाकडून घ्यायची नाही असं असतं. ज्याला द्यायची नसेल त्याने तसं स्पष्ट सांगावं, किंवा रोखीचा भाव विचारावा. आधी भाव पक्का करा, मग कार्ड काढा. उलटं केलं की दोघांचाही मूड जातो.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआरवर चालतं. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर त्यात काही कापलं जात नाही, त्यामुळे आम्हालाही ते बरं पडतं.

आणि ते "नो कॉस्ट ईएमआय"चं काय ते रेवाताईंनी एकदा लिहावंच. दिवाळीत रोज समजावून माझा घसा बसतो.


रेवा_इंदूर
मंगळवार, रात्री १०.४०

दादा, लिहिते. ६०,००० चा फोन, सहा महिने, दर महिन्याला दहा हजार. दिसायला व्याज शून्य. आत काय होतं? बँक तिचं व्याज घेतेच, समजा वर्षाला १६ टक्क्यांनी. सहा महिन्यांचं ते होतं साधारण २,७००. तेवढी सूट कंपनी किंवा दुकान आधीच किमतीत देतं, म्हणून बेरीज साठ हजारच येते. पण त्या २,७०० वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आपण भरतो, ४८६ रुपये. वर बँकेची प्रोसेसिंग फी, बऱ्याच ठिकाणी १९९ आणि तिच्यावर जीएसटी. एकूण सातशे-सव्वासातशे.

साठ हजार हाताशी नसताना सहा महिन्यांची सोय सातशेत मिळणं काही वाईट नाही. ज्याला गरज आहे त्याने जरूर घ्यावी. फक्त ती फुकट आहे असं समजू नये, आणि त्याच फोनवर एकरकमी भरणाऱ्याला वेगळी सूट आहे का ते विचारावं. असली तर खरी तुलना तिच्याशी. मध्येच हप्ते बंद करून उरलेलं भरायचं ठरवलं तर बऱ्याच बँका त्याचंही शुल्क घेतात.


पोहे_जिरावन
बुधवार, सकाळी ८.०५

काका, बघितलं. ऑटोपे मिनिममवरच होतं! बदललं.

पेट्रोलचं पण सांगा नं. कार्डावर लिहिलंय "फ्युएल सरचार्ज माफ", तरी बिलात काहीतरी कटतंच.


निवृत्त_बँकर
बुधवार, सकाळी ९.३०

शाबास.

पेट्रोलवर एक टक्का सरचार्ज, म्हणजे जादा आकार, लागतो. ३,००० चं भरलं तर ३० रुपये, त्यावर जीएसटी ५.४०. माफी असलेल्या कार्डात ३० परत येतात, ५.४० येत नाहीत. माफीलाही खालची आणि वरची मर्यादा असते, बहुधा चारशे-पाचशेपासून चार-पाच हजारांपर्यंत. दोनशेचं पेट्रोल टाकलंस तर माफी नाही. बऱ्याच कार्डांत पेट्रोलवर पॉइंट्सही मिळत नाहीत. स्कूटरवाल्याने पंपावर सरळ खात्यातून यूपीआय करावं.

"वर्षात लाखभर खर्च करा, वार्षिक फी माफ" या अटीकडेही बघ. त्या लाखात पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, हप्त्यांवरची खरेदी हे सगळं धरलं जाईलच असं नाही. बरीच कार्डं यातलं बरंच वगळतात. फी माफ व्हावी म्हणून वर्षअखेरीस नको ती खरेदी करणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. आणि घरभाडं कार्डाने भरलं तर बहुतेक ठिकाणी एक टक्का फी वेगळी.


अन्नपूर्णा_रोड
बुधवार, संध्याकाळी ६.५०

मला कुणीतरी नीट वाट दाखवा. बाबांचं एक जुनं कार्ड आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी फोन करून बंद करायला सांगितलं, तसा ईमेलही पाठवलेला आहे. बँकेने "विचारात घेत आहोत" असं उत्तर दिलं आणि कार्ड चालूच ठेवलं. आता त्यावर वार्षिक फी, ती भरली नाही म्हणून लेट फी, व्याज, सगळं मिळून अडीच हजार दाखवतायत. वसुलीवाल्यांचे फोन येतात, बाबा त्या फोनने इतके अस्वस्थ होतात की रात्री झोपत नाहीत. ब्रँचवाले म्हणतात आधी अडीच हजार भरा, मग पोस्टाने अर्ज पाठवा, मग बंद करू. भरून टाकू का?


निवृत्त_बँकर
बुधवार, संध्याकाळी ७.४०

भरू नका, थांबा. तुमची बाजू भक्कम आहे.

ग्राहकाने बंद करायला सांगितलं आणि त्या दिवशी कार्डावर काही बाकी नसेल, तर बँकेने कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. नाही केलं तर खातं बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये *ग्राहकाला* द्यायचे, असं त्याच २०२२ च्या निर्देशांत आहे. पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह धरायलाही मनाई आहे. फोन, ईमेल, ऍप, वेबसाइट, कुठूनही सांगितलेलं चालतं.

आता असं करा. वर्षभरापूर्वीचा तो ईमेल आणि त्यावरचं उत्तर, दोन्ही तारखेसकट जपून ठेवा. त्याच्या आधीचं शेवटचं स्टेटमेंट काढा, त्यात बाकी शून्य असल्याचं दिसायला हवं. दोन्ही जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. तीनच गोष्टी मागा: अर्जाच्या तारखेनंतर लावलेलं सर्व शुल्क आणि व्याज रद्द, दर दिवसाच्या ५०० प्रमाणे भरपाई, आणि क्रेडिट ब्यूरोकडची नोंद दुरुस्त. भाषा साधी ठेवा, राग लिहू नका. तक्रार क्रमांक घ्या.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचं. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेकडे तक्रार न करता थेट तिथे गेलात तर अर्ज परत येतो, म्हणून क्रम मोडू नका.

वसुलीच्या फोनवर बाबांना बोलायला लावू नका. "तक्रार क्रमांक अमुक, विषय वादात आहे, लिहून कळवा" एवढंच तुम्ही सांगा.


सुदामानगर_३४
बुधवार, रात्री ८.१५

निवृत्त_बँकर साहेब, रोज ५०० रुपयांचा नियम आहे हे मला आज कळलं. ताई, ईमेल लिहिताना मराठी-इंग्रजीची अडचण असेल तर मला निरोप टाका, मी टाइप करून देईन. बाबांना सांगा काळजी करू नका.


अन्नपूर्णा_रोड
बुधवार, रात्री ९.००

काका, खूप आधार वाटला. ईमेल सापडला, आत्ता बाबांसमोर बसून लिहितेय.


पोहे_जिरावन
रविवार, सकाळी ११.२०

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. ऑटोपे मिनिममवर असल्यामुळे माझ्यावर दोन महिन्यांची बाकी होती. काल ऍपमध्ये दिसत होती तेवढी सगळी भरून टाकली. आता पुढच्या बिलात व्याज शून्य येईल नं?


रेवा_इंदूर
रविवार, दुपारी १२.०५

नाही येणार शून्य. मागचं बिल निघालं त्या दिवसापासून तू काल पैसे भरलेस तोपर्यंतचं व्याज अजून बिलात आलेलंच नाही, ते पुढच्या बिलात येईल. आधीच्यापेक्षा बरंच कमी असेल. ते बघून बँकेने फसवलं असं समजून अडवून ठेवू नकोस, आणि एवढंसं आहे म्हणून सोडूही नकोस. तेही पूर्ण भर. शेवटच्या रुपयापर्यंत बिल भरलं गेलं की सवलतीचे दिवस परत सुरू होतात. तोपर्यंत या कार्डाने नवीन खरेदी करू नकोस, यूपीआय वापर. पुढचं बिल आलं की आकडे इथे टाक, तारखा लावून मी पडताळून देईन.